हॅम रेडिओच्या वॉटरफॉलसाठी साउंड कार्ड कसं निवडावं

पैसे काढण्याआधी ठरवा, हॅम (हौशी) रेडिओच्या वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावरच्या सरकत्या चित्रात, नेमकं काय बघायचं आहे. एफटी८, पीएसके३१ या संगणकावरून चालणाऱ्या संदेशपद्धती किंवा मोर्ससाठी रेडिओतून येणारा ऑडिओच वॉटरफॉलवर हवा असेल, तर तो जेमतेम ३ किलोहर्ट्झ रुंद असतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचं कुठलंही बरं कार्ड त्याला पुरतं, अगदी सी-मीडिया चिपचा स्वस्त यूएसबी डाँगलसुद्धा. आयकॉम आयसी-७३०० सारख्या सेटमध्ये तर साउंड कार्ड आतच असतं, एक यूएसबी केबल लावली की झालं. इथे जास्त खर्च करणं वाया आहे.

सॉफ्टरॉक रिसीव्हर किट किंवा एलेक्राफ्ट केएक्स३ रेडिओचं आय-क्यू आउटपुट (एकाच सिग्नलचे ९० अंशांनी सरकलेले दोन भाग) एचडीएसडीआर या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन बँडचा मोठा तुकडा एकदम बघायचा असेल, तर मात्र कार्ड नीट पारखावं लागतं. आय डाव्या चॅनलवर, क्यू उजव्या चॅनलवर जातो, आणि जितका सॅम्पलिंग रेट (कार्ड सेकंदाला किती वेळा सिग्नल मोजतं तो आकडा) तितकीच रुंदी पडद्यावर मिळते. भारतातला ४० मीटर बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २०० किलोहर्ट्झचा. १९२ किलोहर्ट्झ रेटच्या कार्डावर तो जवळजवळ सगळा दिसतो. २० मीटरचा ३५० किलोहर्ट्झचा बँड मावत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला १९२ पुष्कळदा फक्त प्लेबॅकचा असतो. तपशिलात रेकॉर्डिंगचा आकडा शोधा. इनपुट स्टिरिओ लाइन-इन हवं. लॅपटॉपचा हेडसेट जॅक आणि स्वस्त डाँगलचं माइक इनपुट मोनो असतं. मोनोवर प्रत्येक स्टेशन मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं आणि खरं कुठलं ते कळत नाही.

बेरिंजर यूसीए२०२ ला स्टिरिओ लाइन-इन आहे, पण धाव ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटपर्यंतच; शिकायला उत्तम. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट हवं असेल तर असूस झोनार यू७ किंवा दुसऱ्या पिढीपासूनचं फोकसराइट स्कार्लेट २आय२ बघा. स्कार्लेटला दोन चॅनलचे गेन नॉब वेगळे आहेत. ते तंतोतंत सारखे ठेवले नाहीत तर मध्यरेषेपलीकडे भुताटकी प्रतिमा उमटतात.

कार्ड स्टिरिओ आहे का, हे असं तपासा. ३.५ मिमीची स्टिरिओ केबल लाइन-इनला लावा आणि ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग सुरू करा. हातात टाचणी धरून मोकळ्या प्लगच्या टोकाला टेकवा: डाव्या पट्टीत ५० हर्ट्झची गुणगुण उठेल. मग मधल्या कड्याला टेकवा: आता उजवी पट्टी हलली पाहिजे. दोन्ही वेळा दोन्ही पट्ट्या सारख्याच उड्या मारत असतील तर कार्ड परत करा.

मग विंडोजच्या साउंड पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग, लाइन-इन, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन २ चॅनल, २४ बिट आणि हवा तो रेट निवडा. एन्हान्समेंट्स आणि बूस्ट बंद करा. इथे ४८००० राहिलं आणि सॉफ्टवेअरमध्ये १९२००० मागितलं, तर मधल्या जागांचे सॅम्पल विंडोज स्वतःच भरतं: पडदा रुंद, पण सिग्नल फक्त मधल्या चतुर्थांशात. काहीच दिसत नसेल तर प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना मायक्रोफोनची परवानगी आहे का ते बघा.

लेव्हलसाठी डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या बँडच्या खरखरीवर मीटर ३० डीबीच्या आसपास ठेवा. आय-क्यूसाठी अँटेना काढून लावून बघा. लावल्यावर नॉइज फ्लोअर (मागची सततची खरखर) ६ ते १० डीबी चढला पाहिजे. चढला नाही, तर कार्डाच्या स्वतःच्या खरखरीत अशक्त स्टेशनं बुडत आहेत.

मध्यभागी ५० किंवा १०० हर्ट्झच्या रेघा दिसल्या तर लॅपटॉपचा चार्जर काढा. रेघा गेल्या तर ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) समजा. नुसत्या ऑडिओसाठी ६०० ओहमचा १:१ ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. आय-क्यूच्या तारांत तो घालू नका: २० किलोहर्ट्झच्या वर दोन ट्रान्सफॉर्मर एकसारखे वागत नाहीत आणि प्रतिमा वाढतात. त्यापेक्षा रेडिओ आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, केबल आखूड शिल्डेड वापरा, यूएसबी केबलवर फेराइट चढवा, आणि ऐकायचं स्टेशन मध्यरेषेपासून ५-१० किलोहर्ट्झ दूर राहील असं ट्यूनिंग ठेवा.