हायकूची ओळख करून देताय? या चुका टाळा

"विंडोजला पर्याय आहे" अशी हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमची ओळख करून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल ना?" बहुतेक वेळा उत्तर नाही असं असतं आणि गोष्ट तिथंच थांबते. समोरच्याने "पर्याय" या शब्दाचा सरळ अर्थ घेतला, त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. शब्द आपण चुकीचा निवडला.

त्यापेक्षा जे आहे ते सांगा. जुन्या लॅपटॉपवरही झरझर चालणारी, एकट्याने वापरायची, फुकट आणि मुक्त डेस्कटॉप प्रणाली. २००१ मध्ये बी कंपनीची मालमत्ता पामने घेतली आणि तिची बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम पोरकी झाली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी ती नव्याने लिहायला घेतली. तीच हायकू. तिचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, यायला २०१८ उजाडलं, पाचवा सप्टेंबर २०२४ मध्ये आला. "बीटा" हा शब्द गाळू नका. तो ऐकूनही ज्याला उत्सुकता वाटते, तोच पुढे टिकतो.

दुसऱ्याच्या लॅपटॉपला घाईने हात लावणं

ही चूक मी केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. ओळखीच्या एका मुलीला हायकू बघायची होती. हायकू लिहिलेला पेनड्राइव्ह तयार होता, पण सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर हायकू सुरू होत नाही. मी फोनवरून सांगितलं, "बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा, ते बंद कर." तिने केलं. हायकू उघडली, तिला आवडलीही. रात्री ती विंडोजमध्ये परत गेली तर निळ्या पडद्यावर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. तिचा कॉलेजचा प्रकल्प त्याच डिस्कवर होता. की अखेर तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, पण तोपर्यंतचा तासभर तिने कसा काढला असेल, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी रिकव्हरी की शोधून कागदावर किंवा दुसऱ्या फोनवर उतरवून घ्या. मग विंडोजमधूनच बिटलॉकरचं संरक्षण तात्पुरतं थांबवा. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे विंडोज खरोखर बंद होते. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे ती अर्धवट झोपलेली असते आणि डिस्कच्या तिच्या भागावर (पार्टिशनवर) बाहेरून काही लिहिणं धोक्याचं. हे सगळं झाल्यावरच सिक्युअर बूटला हात लावा. काम संपलं की ते पुन्हा चालू करा, बिटलॉकरही. आणि पेनड्राइव्हवर आधी जे काही होतं ते हायकूची इमेज फाइल त्यावर लिहिताना पुसलं जातं, हे तोंडाने सांगा. समोरच्याला ते माहीत असेल असं धरून चालू नका.

खरं तर पहिली भेट आपल्याच मशीनवर घडवलेली बरी.

इतिहास सांगत बसणं

आपल्याला बीओएसच्या जुन्या गोष्टींचं प्रेम असतं. नवख्याला दोन मिनिटांत काहीतरी दिसायला हवं. मी मेल दाखवतो. हायकूत प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते आणि पाठवणारा, विषय, वाचलं की नाही हे सगळं त्या फाइललाच चिकटलेलं असतं. ट्रॅकरमध्ये (हायकूच्या फाइल मॅनेजरमध्ये) "न वाचलेले मेल" अशी क्वेरी, म्हणजे शोध, करून खिडकी उघडी ठेवायची आणि त्या पत्त्यावर स्वतःच एक मेल पाठवायचा. काही न दाबता तो मेल त्या खिडकीत येऊन बसतो. मग विंडोज-की दाबून धरायची आणि एका खिडकीची नावाची पिवळी पट्टी दुसरीच्या पट्टीवर ओढायची. दोन्ही खिडक्या एकमेकींना जोडल्या जातात. ज्यांनी कधी प्रणाली बदलली नाही, तेही इथे "पुन्हा दाखवा" म्हणतात.

लिनक्सला नावं ठेवून हायकू मोठी होत नाही. ती लिनक्स नाही, एवढं स्पष्ट करा आणि पुढे चला. हायकूवरचं लिबरऑफिस आणि क्रिटा त्याच मुक्त जगातून आलेले आहेत, आणि वायफायचे बरेच ड्रायव्हर फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालींचे.

अडलं की "रीस्टार्ट करून बघा" म्हणणं

पडदा काळाच राहिला तर सुरू होताना स्पेस (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट) दाबून धरा. बूट मेन्यू उघडेल, त्यात सुरक्षित ग्राफिक्स ड्रायव्हरचा पर्याय आहे. वायफाय दिसत नसेल तर चिप ओळखली गेलेली नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून इंटरनेट घेता येतं का ते बघा. मोठं ग्राफिक्स कार्ड आहे म्हणून गेम चालतील असं मात्र बोलून जाऊ नका, थ्रीडीला त्या कार्डाचा जोर सहसा मिळत नाही. ज्याला आपल्या लिपीत लिहायचं आहे त्याच्यासाठी जोडाक्षरं नीट उमटतात का, हे आधी स्वतः टाइप करून तपासा.

कधी पडद्यावर एकदम मजकूर येऊन सगळं थांबतं आणि खाली "kdebug>" दिसतं. हा कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, चूक शोधायचा डीबगर आहे. नवखा माणूस इथे घाबरतो आणि बटण दाबून मशीन बंद करतो, मग काय झालं ते कुणालाच कळत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा, की असं दिसलं तर पहिल्यांदा पडद्याचा फोटो काढायचा आणि त्यानंतरच रीबूट. सोबत लॅपटॉपचं मॉडेल आणि "अबाउट धिस सिस्टिम"मधला एचरेव्ह (hrev) हा आवृत्तीचा क्रमांक लिहून घेतला की तक्रार नोंदवता येते, आणि ती वाचणाऱ्या डेव्हलपरला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.