पानं कुरतडलेली दिसली की समजायचं बाग जमली

फुलपाखरं यावीत म्हणून लोक नर्सरीत जातात, रंगीत फुलांच्या चार कुंड्या आणतात, दोन दिवस एखादं फुलपाखरू भिरभिरतं आणि मग काहीच नाही. कारण सोपंय, फुलातला मध प्यायला फुलपाखरू कुठेही जातं पण अंडी घालायला त्याला ठराविकच झाड लागतं, आणि ते झाड तुमच्याकडे नसेल तर ते चहा पिऊन निघालेल्या पाहुण्यासारखं पुढे जातं. त्यामुळे बाग करताना पहिला प्रश्न असा विचारायचा की माझ्याकडची पानं कोण खाणार? फुलांचं नंतर बघू.

मी पुण्याकडच्या हिशोबाने लिहितोय, म्हणजे पाऊस साधारण सातशे मिलिमीटर, चार महिने ओल आणि बाकी कोरडं. कोकणात याच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो, तिथली यादी वेगळी होईल, आणि सोलापूर लातूरवाल्यांनी अजून काटक झाडं घ्यावीत. झाडं शक्यतो स्थानिकच घ्या, आणि स्थानिक म्हणजे तुमच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या टेकडीवर, ओढ्याकाठी, देवराईत जे आपोआप उगवतं ते. फक्त टेकडी बघताना जरा जपून, कारण पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प भरमसाट लावलेलं आहे आणि ते मूळचं मध्य अमेरिकेकडचं.

आपलं वाटणारं बरंच काही बाहेरचं आहे हे एकदा बघून घ्या म्हणजे नर्सरीत फसायला होत नाही. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची, देवळातला पांढरा चाफा अमेरिकेकडचा, बोगनवेल ब्राझीलकडची, दसऱ्याचा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. मी काही कट्टर नाही, झेंडू माझ्याकडेही असतो, पण जागेचा मोठा हिस्सा स्थानिक झाडांना द्या आणि उरलेल्यात हौस करा. दोन गोष्टी मात्र नकोच, घाणेरी आणि तो पिवळा-केशरी कॉसमॉस. दोन्हींवर फुलपाखरं येतात हे खरं, पण दोन्ही बागेबाहेर पसरतात आणि डोंगर व्यापतात.

बाल्कनीवाल्यांनी कढीपत्त्यापासून सुरुवात करावी. चौदा-पंधरा इंची कुंडी, चार-पाच तास ऊन, बास. त्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम ही दोन फुलपाखरं हमखास अंडी घालतात, शहराच्या मध्यात चौथ्या मजल्यावरसुद्धा. अळी लहान असते तेव्हा हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे लोक पुसून टाकतात, तसं करू नका. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते, पोरांना हे दाखवायला मजा येते पण एकदाच दाखवा, तिला त्रास नको. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिनाभर लागतो. या काळात कढीपत्ता बोडका होईल, घाबरू नका, पुन्हा फुटतो. फोडणीसाठी पानं हवीच असतील तर दोन कुंड्या ठेवा, एक तुमची एक त्यांची, अळ्या जास्त झाल्या की त्यांच्या कुंडीत सरकवायच्या. शेजारी लिंबू लावलंत तर अजून बरं, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉनही अंडी घालतं, तेच जे २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. अर्थात आजूबाजूला झाडोरा असेल तर ते येण्याची शक्यता जास्त, भर सिमेंटात फार आशा धरू नका.

इथे एक सांगतो जे नर्सरीवाले सांगत नाहीत. तिथून आणलेल्या कढीपत्त्यावर, लिंबावर बऱ्याचदा औषध मारलेलं असतं. रोप आणल्यावर पानं चांगली धुवा आणि नवी पालवी येईपर्यंत वाट बघा, नाहीतर पहिल्याच अळ्या मरतात आणि माणूस म्हणतो आमच्याकडे काही जगतच नाही.

थोडी जमीन असेल, रो-हाऊस असेल किंवा सोसायटीचा एखादा दुर्लक्षित कोपरा असेल तर रुई लावा. लोक नाक मुरडतात, उकिरड्यावरचं झाड म्हणतात, शनिवारी मारुतीला माळ मात्र तिचीच लागते. प्लेन टायगरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईची पानं खाते, त्यातलं विष अंगात साठवते आणि मग पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही टाळतात. गंमत म्हणजे डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी या प्लेन टायगरची नक्कल करून फिरते, अंगात विष काही नाही, नुसता वेष. आणि तिच्या अळ्यांना हवी असते घोळ, आपली भाजीची घोळ, जी कुंडीत आपोआप उगवते आणि आपण तण म्हणून उपटतो. उपटू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, त्यामुळे लहान मुलं खेळतात तिथे लावू नका आणि छाटताना हातमोजे घाला.

बाकी झुडपांत पिवळी कोरांटी घ्या, तिच्यावर लेमन पॅन्सी ब्लू पॅन्सी वाढतात आणि फुलंही भरपूर. पानफुटीवर रेड पिएरो येतं, त्याची अळी पानाच्या आतच राहून पोखरत जाते, बाहेरून पान फिकट पोकळ दिसतं. पानफुटी मूळची मादागास्करची, पण आता इथल्या फुलपाखराने ती आपली मानलीये तर आपण कोण बोलणार. खुळखुळा थोडासा पेरा, त्याच्या सुकलेल्या फांद्यांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर येऊन चिकटतात, त्यातली रसायनं त्यांना मादीला आकर्षित करायला लागतात. म्हणून तो वाळला की लगेच उपटून टाकायचा नाही. टाकळा पावसाळ्यात आपोआप येतो, कोवळा असताना भाजी करा आणि थोडा राहू द्या, एमिग्रंट नावाची फिकट पिवळी-हिरवी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. सोसायटीत सरळसोट खोट्या अशोकाची रांग असेल तर तीही कापू देऊ नका, त्यावर ‘टेल्ड जे’ नावाचं फुलपाखरू वाढतं.

कुंपणाला ड्युरांटाची कापलेली भिंत करण्यापेक्षा करवंद, मेंदी, अडुळसा, निर्गुडी असं मिसळून लावा. करवंदाच्या काट्यात मांजर शिरत नाही त्यामुळे बुलबुल बिनधास्त घरटं करतात, उन्हाळ्यात फळं मिळतात (पक्ष्यांनी ठेवली तर). अडुळसा आणि निर्गुडी पावसाळ्यात नुसती काडी खोचली तरी लागतात, शेजाऱ्यांकडून मागून आणा, पैसे घालवायची गरजच नाही. जागा असली तर धायटी जरूर लावा, हिवाळा संपताना लाल फुलांनी भरते आणि शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारा इवला पक्षी, दिवसभर तिथेच.

झाड एकच लावता येण्यासारखं असेल तर मी बहावा सांगेन. उन्हाळ्यात फुलतो तेव्हा भुंगे येतात आणि पानांवर परत तेच एमिग्रंट. बी घट्ट असतं, नुसतं पेरलं तर बसून राहतं, पॉलिश पेपरवर थोडं घासा किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवा आणि मग पेरा. दुसरा पर्याय पांगारा, फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर एक पान नसताना लालभडक फुलतो आणि त्यावर मैना, शिंजीर, बुलबुल, कावळे सगळे एकत्र भांडत असतात. लाकूड मऊ म्हणून तांबट पक्षी त्यात ढोली पोखरतो. शेवगा चालेल, शेंगा तुम्हाला फुलं शिंजिरांना. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांसाठी यापेक्षा भारी, पण घराच्या भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून लांब जागा असेल तरच, मुळं भिंत फोडतात आणि मग शेवटी झाडच तोडलं जातं.

लावायची वेळ जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. खड्डा मात्र मे महिन्यातच काढून उन्हात तापू द्या, झाडाला दोन फूट लांब-रुंद-खोल, झुडपाला एक-दीड फूट. वरची माती वेगळी ठेवा, तीच शेणखतात मिसळून परत भरा. रासायनिक खत नको, ही माळरानावरची झाडं आहेत, जास्त लाड केले की नुसती पानं वाढतात आणि मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडतो. पाणी पहिले दोन उन्हाळे द्यायचं, आठवड्यातून दोनदा पण भरपूर, नंतर त्यांचं ते बघतात. रोपं वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत स्वस्त मिळतात, पावसाळ्याच्या तोंडावर चौकशी करा. टेकडीवरून झाड उपटून मात्र आणू नका, बी गोळा करा, तेही सगळं नाही.

गच्चीवर ड्रम ठेवणाऱ्यांसाठी एकच, वजन. दोनशे लिटरचा अर्धा कापलेला ड्रम ओल्या मातीने भरला की दीडशे किलोच्या वर जातो. असे दहा ड्रम गच्चीच्या मधोमध ठेवायच्या आधी इंजिनिअरला विचारा, नाहीतर निम्मं कोकोपीट-पालापाचोळा वापरून हलकं मिश्रण करा आणि तुळयांच्या, खांबांच्या रेषेवर ठेवा.

आता औषधांचं. लोक म्हणतात आम्ही केमिकल मारत नाही, फक्त नीम ऑइल. नीम ऑइलनेही अळ्या मरतात, त्याने त्यांना कात टाकता येत नाही, म्हणून तर शेतकरी ते वापरतात. तेव्हा ज्या झाडावर अळ्या हव्यात त्यावर काहीच मारायचं नाही. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पिठ्या ढेकूण असेल तर जुन्या टूथब्रशने घासा. थोडा मावा राहिलाच पाहिजे, नाहीतर लेडीबर्ड काय खाणार. आणि शिंपी, नाचरा, दयाळ हे पक्षी पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात, त्यामुळे तुम्ही जपलेल्या बऱ्याच अळ्या पक्षी खाणार हे धरून चाला. वाईट वाटतं, पण बाग त्यांचीही आहे की.

धान्य टाकण्याबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. बाल्कनीत बाजरी टाकली की चिमण्यांआधी पारवे येतात, मग पारवेच राहतात, आणि त्यांच्या शिटेचा श्वासाला त्रास होतो तो वेगळा. त्यापेक्षा गवताचा एक तुकडा न कापता ठेवा, तुरे धरले की मुनिया येतात आणि बी स्वतः ओरबाडून खातात. बघायलाही हे जास्त छान.

पाणी ठेवा पण उथळ, मातीचं पसरट भांडं, मध्ये एक-दोन दगड म्हणजे मधमाशा बुडत नाहीत. दर दोन दिवसांनी ओतून घासून परत भरायचं, अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा पुरतो. भांड्याशेजारी थोडी माती ओली राहू द्या, फुलपाखरांचे नर चिखलातले क्षार शोषायला बसतात.

मधमाशी म्हटलं की लोकांना आग्या मोहोळ आठवतं आणि धडकी भरते. बागेत येणाऱ्या बऱ्याच माशा एकट्या राहणाऱ्या असतात, पोळंच नाही तर राखायचं काय, सहसा चावत नाहीत. निळे पट्टे असलेली एक माशी तुळशीच्या मंजिऱ्यांवर गुणगुणत असते, ती मातीत बीळ करते, म्हणून बागेतली सगळी जमीन फरशीने झाकू नका. दुसरी एक पानातून अगदी गोल चकती कापून नेते, कंपासने काढल्यासारखी. गुलाबाच्या पानांना असे गोल कट दिसले तर कीड समजून औषध मारू नका. बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक भोकाच्या बांबूच्या नळ्या, एका बाजूने बंद, पाऊस लागणार नाही अशा जागी बांधून ठेवा, काही महिन्यांत त्यांची तोंडं बुजलेली दिसतील.

पालापाचोळा जाळू नका, झुडपांखाली चार बोटं पसरा. सातभाई पक्षी तो उलटापालटा करत किडे शोधतात, खाली वाणी किडे, गांडुळं, पावसाळ्यात बेडूक. सापाची भीती वाटते हे मान्य, म्हणून ढीग घराच्या भिंतीला लागून करू नका आणि उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका, उंदीर आले की मागोमाग धामण येते. आलीच तर ती बिनविषारी असते, पण ओळखता येत नसेल तर लांब राहून सर्पमित्राला बोलवा. ओट्यावरची जळमटं झाडली तरी बाहेरच्या झाडांवरची राहू द्या, शिंजीर आणि शिंपी घरट्याला तीच वापरतात. रात्रभर जळणारे पांढरे एलईडी बंद करा, पतंग आणि काजवे दोघांनाही त्याचा त्रास.

सोसायटीत राहणाऱ्यांची खरी लढाई मात्र झाडांशी नसते, कमिटीशी असते. सगळ्या बागेचा आग्रह धरू नका, एक कोपरा मागा आणि तिथे पाटी लावा, नुसतं रान वाढलंय असं वाटलं तर कोणीतरी तक्रार करतंच, पाटी असली की तेच लोक पोरांना घेऊन बघायला येतात. माळीकाकांशी स्वतः बोला, त्यांना अळ्या दाखवा, एकदा त्यातून फुलपाखरू निघताना त्यांनी पाहिलं की नंतर तेच राखण करतात. फवारणीचं कंत्राट बाहेर दिलेलं असेल तर तारीख आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी कोपऱ्यापाशी उभे राहा. छाटणीचंही तसंच, मार्च ते सप्टेंबर बरेच पक्षी घरट्यात असतात, त्यामुळे कापायचं ते हिवाळ्याच्या सुरुवातीला, आणि करवत लावण्याआधी फांदीखाली उभं राहून दहा मिनिटं वर बघायचं.