यामाशिना होंगान-जीचे अवशेष पाहायला निघण्यापूर्वी

क्योतोच्या पूर्वेला यामाशिना येथे होंगान-जी या बौद्ध मठाची तटबंदीची वसाहत होती. तिचे अवशेष पाहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा जुन्या रचनेचा नकाशा जवळ नव्हता आणि त्यामुळे निम्म्याहून अधिक गोष्टी न पाहताच परत आले. पाणी, टोपी, चालायचे बूट तुम्ही घ्यालच. नकाशा घ्या. फोनवरचा नव्हे, त्यात आजचे रस्ते आणि घरे दिसतात, तट कुठे वळत होता हे दिसत नाही. मुख्य मंदिर, त्याभोवतीची आतली वसाहत आणि बाहेरची वसाहत अशी मठाची तीन आवारे आजच्या रस्त्यांवर रेखून दाखवणारा आराखडा हवा. उत्खननाविषयीच्या जपानी लेखनात असे आराखडे सापडतात. शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या आणि तो कागदावर छापूनच न्या.

एवढा आग्रह अशासाठी, की आपल्याकडचे भुईकोट पाहिलेला माणूस इथेही दगडी तट, बुरूज आणि दरवाजा शोधू लागतो. इथला तट मात्र मातीचा आहे, आणि १५३२ मध्ये रोक्काकू सरदाराच्या फौजेने व होक्के या दुसऱ्या बौद्ध पंथाच्या लोकांनी मठ जाळल्यामुळे त्या काळची एकही इमारत उरलेली नाही. यामाशिना मध्यवर्ती उद्यानात तटाचा उंच तुकडा उभा आहे, पण तो झाडीने असा झाकला आहे की मी त्याला साधी टेकडी समजून पुढे गेले. हातात आराखडा असता तर त्याचे वळण ओळखता आले असते, कारण तटाची ही वळणेच या जागेचे खरे वैभव आहेत: वळणामागून चालून येणाऱ्यावर बाजूने मारा करता येतो. जुन्या आवारातून आज शिनकान्सेन या वेगवान रेल्वेचा मार्गही जातो, त्यामुळे नुसत्या नजरेने काहीही जुळत नाही.

थोडे वाचूनही जा. रेन्न्यो या आठव्या मठप्रमुखाचा ओतानी येथील मठ १४६५ मध्ये हिएई पर्वतावरच्या भिक्षूंनी उद्ध्वस्त केला. त्यानंतर त्याने १४७१ मध्ये योशिझाकी येथे ठाण मांडले आणि १४७८ पासून यामाशिना उभारायला घेतले. भक्तीच्या स्थानाला तट का लागला, याचे उत्तर या घटनाक्रमात आहे. यामाशिना जळाल्यावर मठ ओसाकाला गेला आणि तिथे १५७० ते १५८० अशी दहा वर्षे ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराशी झुंजला. पण त्या मठावर पुढे ओसाकाचा किल्ला उभा राहिला, म्हणून तट पाहायचा असेल तर यामाशिनालाच या.

उन्हाळा टाळा, पानांमुळे तट दिसत नाही आणि डास फार. तटाच्या उतारावर चढू नका, माती सुटते. क्योतोहून जेआर (जपान रेल्वे) गाडीने यामाशिना पुढचेच स्थानक आहे, तिथून पायी.

उद्यानावर थांबू नका. पूर्वेला नान्देन, म्हणजे रेन्न्योचे निवृत्तीनंतरचे निवासस्थान होते, आणि तिथेही मातीचा तट व बागेच्या खुणा आहेत. माझे ते राहिले, नकाशा नव्हता म्हणून. सभोवती लोकांची घरे आहेत, आवाज कमी ठेवा. रेन्न्योची समाधी जवळच आहे. आणि निघताना पिशवी उघडून आराखडा आत आहे ना, ते पुन्हा पाहा.