वाइल्ड टाइप कॉर्न स्नेकचा रंग आणि पॅटर्न कसा बघायचा

कॉर्न स्नेकला कोणी "साधा नॉर्मल आहे" म्हणून बाजूला सारलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण या सापात नॉर्मल म्हणजे एकच ठरलेला रंग असं काही नसतंच. अमेरिकेत न्यू जर्सीच्या दक्षिणेकडच्या पाइनच्या जंगलापासून पार खाली फ्लोरिडा कीजच्या बेटांपर्यंत हा साप सापडतो आणि एवढ्या मोठ्या पट्ट्यात कुठे तो भडक केशरी, कुठे राखाडीवर लाल, कुठे मातकट तपकिरी, कुठे काळा जवळजवळ गायबच, आणि हे सगळेच वाइल्ड टाइप, म्हणजे निसर्गातलं नेहमीचं, मूळ रूप. मॉर्फची, म्हणजे पाळणाऱ्यांनी निवडून पैदास केलेल्या रंगप्रकारांची नावं पाठ करण्याआधी हा मूळ साप नीट बघायला शिका, पुढचं सगळं सोपं जातं.

सगळ्यात आधी, कात टाकायला आलेल्या सापाचा रंग ठरवायचा नाही. डोळे दुधाळ निळसर झालेत, अंगावर धूळ बसल्यासारखं दिसतंय, तर थांबा, कात पडू द्या आणि मग बघा, तोच साप ओळखू येणार नाही इतका फरक असतो. दुसरं म्हणजे उजेड. पिवळ्या बल्बखाली राखाडी रंग हमखास बदामी दिसतो आणि मग सगळा अंदाज चुकतो, म्हणून दिवसाच्या उजेडात पण सावलीत बघा, फोटो काढणार असाल तर शेजारी एक पांढरा कागद ठेवा म्हणजे फोटोतला रंग कितपत खरा आहे ते कळतं. फिल्टर तर नकोच.

मग वय. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू आई-बापासारखं केशरी नसतं, बेस, म्हणजे डागांच्या मधला रंग राखाडी आणि त्यावर गडद तपकिरी-लालसर डाग असं दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं हे अनेरी आहे, म्हणजे ज्यात लाल रंगच बनत नाही तो प्रकार. तेव्हा मानेजवळ दोन डागांच्या मधली जागा बघा, वाइल्ड टाइप पिल्लात तिथे गंजासारखी केशरी झाक बहुतेक वेळा सापडते आणि डागांमध्येही लालसरपणा असतो, अनेरी पिल्लू मात्र निव्वळ काळं-राखाडी असतं. पुढे कात टाकत टाकत लाल-केशरी चढत जातो आणि हनुवटी, मान आणि कुशीवरचा पिवळा तर आणखी उशिरा येतो. आता मजा अशी की मोठ्या अनेरीच्या गळ्यालाही पिवळं येतं, कारण तो पिवळा कॅरोटिनॉइडचा, खाण्यातून येणारा, त्यामुळे नुसता पिवळा गळा दिसला म्हणून वाइल्ड टाइप असं म्हणू नका. आणि अनेरी म्हणजे फक्त ब्रीडरच्या घरचा असंही नाही हं, नैऋत्य फ्लोरिडात असे साप जंगलातही सापडलेत.

आता खरं बघणं. पूर्ण साप एकदम बघितला की डोळा गोंधळतो म्हणून मी तीन थर वेगळे करून बघतो. पहिला थर बेस कलर, म्हणजे पाठीवरच्या मोठ्या डागांच्या मधला रंग, तो केशरी, बदामी, राखाडी, तपकिरी काहीही असू शकतो आणि पाठीवर एक, कुशीवर दुसराच असंही होतं. दुसरा थर ते मोठे डाग, त्यांना सॅडल म्हणतात कारण घोड्यावर खोगीर टाकावं तसे ते पाठीवर बसलेले असतात, त्यांचा रंग विटकरी, रक्तासारखा लाल, केशरी किंवा चॉकलेटी. तिसरा थर सॅडलभोवतीची काळी बॉर्डर, आणि माझ्या मते सापाचा चेहरामोहरा ठरतो तो याच्यावर, कारण बॉर्डर जाड असली की तोच लाल रंग दुप्पट उठून दिसतो आणि बारीक असली की सगळा साप मऊ, फिका वाटतो. कातडीत रंगाच्या वेगवेगळ्या पेशी असतात, काळा मेलॅनिन वेगळ्या पेशींत आणि लाल-पिवळे रंग वेगळ्या पेशींत, त्यामुळे हे थर बरेचसे आपापले बदलतात, लाल भरपूर पण काळा कमी असा साप सहज होतो.

सॅडलचा आकारही बघा. काही चौकोनी, काही मध्ये दबलेले, कधी शेजारचे दोन तिरके जोडले गेलेले, मानेजवळ लांबट आणि शेपटीकडे आखूड होत जाणारे. एकाच आईच्या एकाच वेळच्या पिल्लांतही हे सारखं नसतं. पण अंड्यात असताना जी मांडणी ठरली ती आयुष्यभर तीच, रंग बदलतो, मांडणी नाही, म्हणून सॅडलचा फोटो हा त्या सापाच्या अंगठ्याच्या ठशासारखा वापरता येतो.

पोट विसरू नका! पोटावर पांढऱ्या-काळ्या चौकटी असतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या, आणि रंगीत दाण्यांच्या मक्याच्या कणसाशी त्या जुळतात म्हणून कॉर्न स्नेक हे नाव पडलं असं एक मत आहे (दुसरं मत असं की मक्याच्या कोठारात उंदरांमागे येणारा साप म्हणून). शेपटीच्या खालच्या बाजूला दोन गडद पट्टे लांबवर जातात. डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मधे टोक येईल अशी भाल्याच्या पात्यासारखी खूण असते, आणि डोळ्यामागून निघणारा पट्टा जबड्यापाशी न थांबता मानेवर जातो. रंग कितीही फिरला तरी या खुणांवर जास्त भरवसा ठेवता येतो.

जागेनुसार काय बदलतं ते थोडक्यात. साउथ कॅरोलिनाच्या जॅस्पर काउंटीतल्या ओकीटी हंट क्लबच्या भागातले साप केशरी बेस, गडद लाल सॅडल आणि जाड काळी बॉर्डर यासाठी प्रसिद्ध, त्यावरूनच ओकीटी हे नाव. दक्षिण फ्लोरिडाकडचे, ज्यांना मायामी म्हणतात, त्यांचा बेस राखाडी किंवा बदामी आणि सॅडल लाल-केशरी. कीजच्या बेटांवर काळा रंग कमी होतो, पोटावरच्या चौकटीसुद्धा पुसट होतात, त्यांना पूर्वी रोझी रॅट स्नेक म्हणून वेगळं काढलं जायचं. पश्चिमेला लुइझियाना, पूर्व टेक्सास, आर्कान्सा इथले गडद तपकिरी साप आधी कॉर्न स्नेकच मानत, 2002 मध्ये ते वेगळी जात ठरले आणि त्यांना म्यानमारमध्ये मण्यारच्या दंशाने 2001 मध्ये गेलेल्या जोसेफ स्लोविन्स्की या सर्पतज्ज्ञाचं नाव दिलं गेलं. पण ही नावं बघून उलटा हिशोब करू नका, जाड बॉर्डर दिसली म्हणून साप जॅस्पर काउंटीचा ठरत नाही, ओकीटीसारखे दिसणारे साप ब्रीडर निवडून निवडून कुठेही तयार करतात. कुठून आला हे पक्कं माहीत नसेल तर "ओकीटीसारखा दिसतो" एवढंच लिहा, तेच प्रामाणिक.

जंगलात बघत असाल तर आधी कॉपरहेड नाही ना याची खात्री करा, तो विषारी आहे आणि त्यातल्या बऱ्याच भागात राहतो. कॉपरहेडचे डाग वरून बघताना डमरूसारखे, पाठीवर अरुंद आणि कुशीला रुंद, शरीर जाडजूड, डोळ्याची बाहुली उभ्या चिरेसारखी, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी नाहीत. कॉर्न स्नेकची बाहुली गोल असते, पण ती बघायला जवळ जाऊ नका, डागांचा आकार लांबूनही कळतो. पोट बघायचं म्हणून जंगली साप उचलायचा नाही. न्यू जर्सीत कॉर्न स्नेक एंडेंजर्ड, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि जॉर्जियात स्थानिक कॉर्न स्नेक घरी पाळणं बेकायदा आहे, त्यामुळे लांबून फोटो आणि जागेची नोंद, बस.

नोंद लिहिताना "सुंदर नॉर्मल" असं न लिहिता थर लिहा, उदाहरणार्थ: मोठा साप, कात टाकून तीन दिवस, बेस पाठीवर राखाडी-बदामी, कुशीवर केशरी झाक, सॅडल विटकरी, चौथा आणि पाचवा डावीकडून जोडलेला, बॉर्डर बारीक, पोटाच्या चौकटी मानेकडे पुसट, गळा पिवळा. पाळलेला असेल तर पिल्लू असल्यापासून दर दोन-तीन कातींनंतर त्याच खिडकीशी त्याच कागदावर एक फोटो काढत जा, तो चौथा-पाचवा जोडलेला सॅडल प्रत्येक फोटोत तसाच सापडेल आणि त्याच्या आजूबाजूला राखाडीतून केशरी कसा वर येतो ते ओळीने दिसेल.