फुटसी स्वस्त आहे का? ब्रिटिश इंडेक्सचा पीई बघायचा कसा

"लंडनचं मार्केट किती स्वस्त पडलंय, पीई बघा ना" असं दर थोड्या दिवसांनी कोणीतरी म्हणतंच, आणि आकडा काढून बघितला तर अमेरिकेच्या एस अँड पी ५०० पेक्षा तो खरंच बऱ्यापैकी कमी दिसतो. पण पीई म्हणजे भाव भागिले नफा, आणि भाव तर स्क्रीनवर दिसतोच, सगळी गोम नफ्यात असते. लंडनमध्ये तर जास्तच.

आधी इंडेक्स कुठला ते ठरवा

फुटसी १०० म्हणजे लंडनच्या बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १०० कंपन्यांचा इंडेक्स, सुरू झाला ३ जानेवारी १९८४ ला, १००० अंकांवर. नाव ब्रिटिश, पण आतल्या बड्या कंपन्या बघा, शेल, बीपी, एचएसबीसी, अॅस्ट्राझेनेका, युनिलिव्हर, रिओ टिंटो, यांची बहुतेक कमाई ब्रिटनच्या बाहेरची आहे, त्यामुळे "ब्रिटनची इकॉनॉमी ढेपाळलीय म्हणून फुटसी स्वस्त" हे वाक्यच अर्धवट आहे. खुद्द ब्रिटनचा अंदाज घ्यायचा असेल तर फुटसी २५०, म्हणजे त्या शंभरानंतरच्या २५० कंपन्यांचा इंडेक्स, जास्त जवळचा. फक्त त्यात इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट भरपूर आहेत, म्हणजे शेअर बाजारात लिस्ट झालेले फंडच, आणि त्यांचा 'नफा' हातातल्या गुंतवणुकीचे भाव वर-खाली झाले की बदलतो, त्यामुळे त्यांना धरून काढलेला पीई गढूळ होतो. ट्रस्ट वगळून काढलेले इंडेक्स वेगळे मिळतात, जमलं तर ते बघा.

आकडा कुठून घ्यायचा

हे इंडेक्स चालवणारी कंपनी फुटसी रसेल दर महिन्याला प्रत्येक इंडेक्सची फॅक्टशीट काढते, नाहीतर त्या इंडेक्सवरच्या ईटीएफच्या (इंडेक्सची नक्कल करणाऱ्या, बाजारात लिस्ट झालेल्या फंडाच्या) पानावर पीई दिलेला असतो. घेताना दोन गोष्टी बघायच्या: नफा मागच्या १२ महिन्यांचा आहे की पुढच्या वर्षाचा अंदाज, आणि तोट्यातल्या कंपन्या धरल्यात की गाळल्यात. तोटेवाल्या गाळल्या की पीई आपोआप कमी दिसतो. एकदा एक सोर्स पकडलात की तोच ठेवा. हिशोबाची पद्धत बदलली की काय होतं ते आपण निफ्टीत बघितलंय, ३१ मार्च २०२१ पासून एनएसईने स्टँडअलोनऐवजी (फक्त मूळ कंपनीचा) कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) नफा धरायला घेतला आणि ४० च्या वरचा पीई एका रात्रीत ३३ च्या आसपास आला, मार्केट मात्र होतं तिथेच.

स्वतः हिशोब करणार असाल तर पीईची सरासरी काढू नका प्लीज. समजा एका कंपनीची मार्केट कॅप (सगळ्या शेअर्सची मिळून किंमत) ८० अब्ज पौंड आणि नफा ८ अब्ज, पीई १०. दुसरीची २० अब्ज आणि नफा अर्धा अब्ज, पीई ४०. सरासरी येते २५, पण खरा पीई म्हणजे एकूण १०० अब्ज भागिले एकूण नफा साडेआठ अब्ज, म्हणजे ११.८ च्या आसपास. किती फरक पडला बघा.

आता मुख्य काम, नफा तपासा

फुटसी १०० मध्ये तेल, खाणी आणि बँका यांचं वजन मोठं आहे आणि या तिन्हींचा नफा चक्रात फिरतो. कांद्याला सोन्याचा भाव मिळाला त्या वर्षाच्या कमाईवर कोणी शेताची किंमत लावत नाही, पण तेल-तांबं तेजीत असताना पीई ९-१० दिसला की लोक नेमकं तेच करतात. उलटही होतं, नफा आपटला की पीई आभाळाला जातो आणि मार्केट महाग वाटायला लागतं, जेव्हा ते कदाचित तळाजवळ असतं.

शिवाय नफा कुठला धरला? बीपीचं २०२२ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी कंपनीचा 'अंडरलाइंग' नफा, म्हणजे एकदाच होणारे खर्च-तोटे वगळून, होता २७.७ अब्ज डॉलर, पण रशियातल्या रोझनेफ्ट या तेल कंपनीतून बाहेर पडताना जो भलामोठा राइट-ऑफ घेतला (तिथल्या गुंतवणुकीची किंमत पुस्तकातून उडवली) त्यामुळे पुस्तकात अडीच अब्जांचा तोटा दिसला. एकच कंपनी, एकच वर्ष, आणि दोन आकड्यांत आकाशपाताळाचं अंतर.

वेळेचाही घोळ असतो. ब्रिटनमधल्या बऱ्याच कंपन्या पूर्ण निकाल सहा महिन्यांनीच देतात, आपल्यासारखी दर तिमाहीची सक्ती नाही. २३ मार्च २०२० ला फुटसी १०० हा ५००० च्या खाली बंद झाला तेव्हा भाव होता कोविडचा आणि नफा होता २०१९ चा, म्हणून मागचा पीई एकदम स्वस्त दिसत होता, आणि वर्ष संपेपर्यंत शेल आणि बीपी दोघींनी प्रत्येकी २० अब्ज डॉलरच्या वर तोटा दाखवला.

यावर एक झटपट चेक आहे, मला हा सगळ्यात उपयोगी वाटतो. डिव्हिडंड यील्ड (वर्षाचा डिव्हिडंड भावाच्या किती टक्के) गुणिले पीई करा. यील्ड ४ टक्के आणि पीई १२.५ असेल तर येतात ५०, म्हणजे कंपन्या नफ्यातला अर्धा भाग वाटतायत, ठीकच आहे. पण यील्ड ४ आणि पीई ३० आला तर १२०, म्हणजे कमाईपेक्षा वाटप जास्त! मग एकतर नफा तात्पुरता पडलाय किंवा डिव्हिडंड कापला जाणार आहे. कापतात बरं का, शेलने २०२० मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच कापला.

तुलना कशाशी करायची

आधी त्याच इंडेक्सच्या जुन्या पीईशी, निदान १०-१५ वर्षांच्या. एका वर्षाच्या नफ्यावर भरवसा नसेल तर अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांची पद्धत वापरा, १० वर्षांचा नफा महागाई धरून सरासरी करायचा आणि भावाला त्याने भागायचं, तेल-खाणीवाल्या इंडेक्सला हे जास्त जुळतं. जास्त भाव मोजला तर काय होतं तेही इथेच दिसतं: १९९९ च्या शेवटी टेक-टेलिकॉमच्या तेजीत फुटसी १०० हा ६९३० वर गेला, तो आकडा परत ओलांडायला फेब्रुवारी २०१५ उजाडलं. (मधले डिव्हिडंड मिळाले ते वेगळे.)

अमेरिकेशी थेट तुलना मला पटत नाही, तिथे टेक कंपन्यांचा भरणा आणि इथे तंबाखू, तेल आणि बँका. करायचीच तर बँकेची बँकेशी, तेलाची तेलाशी करा, म्हणजे 'लंडनचा डिस्काउंट' नक्की किती ते दिसेल. सहसा वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

दुसरी तुलना व्याजाशी. पीई उलटा करा, १ भागिले १२.५ म्हणजे ८ टक्के अर्निंग्ज यील्ड, आणि ते ब्रिटनच्या सरकारी रोख्यांच्या, म्हणजे गिल्टच्या यील्डशेजारी ठेवा. बँक ऑफ इंग्लंडचा दर मार्च २०२० मध्ये ०.१ टक्का होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५, त्यामुळे दोन्ही वेळी पीई १२ च असता तरी त्याचा अर्थ एक नसता.

शेवटी पौंड. शेल, बीपी, एचएसबीसी, अॅस्ट्राझेनेका हिशोब डॉलरमध्ये ठेवतात, इंडेक्स मोजला जातो पौंडात, म्हणून पौंड पडला की पौंडातला नफा फुगतो, जसा जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर. ब्रिटनमध्ये, समजा लेस्टरला, राहून पौंडात कमावणाऱ्याला त्यात फायदा दिसेल, पुण्याहून रुपये पाठवणाऱ्याने मात्र पौंड-रुपयाचा चार्टही शेजारी उघडा ठेवावा, कारण इंडेक्स वर आणि पौंड खाली गेला तर हातात फार काही उरत नाही.