दीर्घकाळ उभ्या असलेल्या सेस्ना विमानासाठी नवी बॅटरी कशी शोधावी

हँगरमध्ये दोन-तीन वर्षे उभे असलेले सेस्ना १७२ किंवा १५२ पुन्हा उडवायचे ठरते, मास्टर स्विच दाबला जातो, आणि पॅनलवर एकही दिवा लागत नाही. बॅटरीचा शोध त्या दिवशीच सुरू करावा, खरेदी मात्र अगदी शेवटी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या विमानात कॅमशाफ्टवरचा गंज, टाकीत साचलेले पाणी, कडक झालेले होज आणि मुदत संपलेली प्रमाणपत्रे अशी कामे एकामागून एक निघतात व त्यांत महिने जातात. तेवढा काळ नवी बॅटरी पत्र्याच्या तापलेल्या हँगरमध्ये पडून राहिली तर ती आपोआप उतरत जाते, कारण शिसे-आम्ल बॅटरीचा स्वयंविसर्ग उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतो.

प्रथम जुनी बॅटरी खरोखर गेली आहे का, हे तपासावे. दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तिची क्षमता कायमची घटते. अशी बॅटरी चार्ज केल्यावर मल्टिमीटरवर व्होल्टेज चांगले दाखवते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर विसंबू नये. खरी कसोटी क्षमता-चाचणीची आहे. बॅटरीची एका तासाच्या दराने दिलेली क्षमता १० ॲम्पिअर-तास असेल, तर ती पूर्ण चार्ज करून तिच्यावर १० ॲम्पिअरचा स्थिर भार ठेवावा आणि २४ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज २० पर्यंत खाली येण्यास किती मिनिटे लागतात ते मोजावे. सामान्यतः ८० टक्के, म्हणजे ४८ मिनिटे, ही किमान मर्यादा धरतात; अंतिम आकडा त्या बॅटरीच्या देखभाल पुस्तिकेतलाच मानावा. चाचणीत नापास झालेल्या बॅटरीवर, बाहेरून वीज देऊन इंजिन चालू करून उड्डाण करू नये. मॅग्नेटोमुळे (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रणेमुळे) इंजिन चालत राहील हे खरे, परंतु इंजिनावर चालून वीज बनवणारा अल्टरनेटर बंद पडला तर रेडिओ, दिवे आणि विजेवर चालणारे फ्लॅप यांना आधार उरणार नाही.

नवी बॅटरी घ्यायचीच असेल, तर कोणती घ्यावी हे विमानाची कागदपत्रे सांगतात. जुन्या बॅटरीवरची पाटी टिपून घ्यावी, पण तेवढ्यावर मागणी नोंदवू नये. पूर्वी कोणीतरी चुकीची बॅटरी बसवलेली असू शकते. विमानाच्या पुस्तिकेतील साधनसूची, सचित्र सुटे भाग सूची आणि लॉगबुकातील बदलांच्या नोंदी या तिन्हींशी तो क्रमांक ताडून पाहावा. व्होल्टेजबाबत विशेष सावध राहावे, कारण एकाच नावाच्या विमानात दोन पद्धती आढळतात: १९७८ च्या मॉडेलपासून सेस्ना १७२ मध्ये २४ व्होल्टची बॅटरी आली, त्याआधीच्या विमानांत ती १२ व्होल्टची आहे. सेस्ना १५० मध्ये १२ व्होल्ट, तर १५२ मध्ये २४ व्होल्ट.

दुकानात त्याच व्होल्टेजची मोटारीची किंवा मोटारसायकलची बॅटरी खूप स्वस्त मिळते, आणि ती विमानातील बॅटरीच्या पेटीत बसतेही. तरीही ती घेऊ नये. विमानातील कंपने, वायुवीजनाची रचना आणि अपघाताच्या वेळी येणारे बल यांसाठी तिची मान्यता झालेली नसते, आणि अमान्य भाग बसवलेले विमान उड्डाणयोग्य राहत नाही.

या वर्गातील विमानांसाठी गिल आणि कॉन्कॉर्ड या अमेरिकी उत्पादकांच्या बॅटऱ्या सर्वाधिक वापरात आहेत, आणि कोणती बॅटरी कोणत्या विमानाला मान्य आहे याच्या याद्या ते स्वतः देतात. निवड बहुधा दोन प्रकारांत करावी लागते. आम्ल भरायची बॅटरी कोरडी येते, त्यामुळे साठवणीत टिकते, परंतु पुढे तिचे पाणी सतत पाहावे लागते. काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून घेतलेली सीलबंद बॅटरी महाग असते, पण पाणी मागत नाही. भारतात बॅटरी परदेशातून मागवायची असेल तर मी सीलबंदच सुचवेन, कारण न सांडणाऱ्या बॅटऱ्या हवाई मालवाहतुकीत धोकादायक मालाच्या यूएन २८०० या वर्गात जातात व त्यांचे नियम आम्ल भरलेल्या बॅटऱ्यांच्या यूएन २७९४ या वर्गापेक्षा सौम्य आहेत. लिथियम बॅटरी वजनाने बरीच हलकी असते, मात्र त्या विशिष्ट मॉडेलसाठी पूरक प्रकार प्रमाणपत्र (विमानाच्या मूळ मंजूर रचनेत बदल करण्याची अधिकृत मान्यता) असल्याशिवाय तिचा विचार करू नये.

मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. पहिली, निर्मितीची तारीख आणि शेवटचे चार्जिंग कधी झाले. सीलबंद बॅटरी पडून असेल तर तिला साधारण दर ९० दिवसांनी चार्ज करणे अपेक्षित असते. दुसरी, भाग विमानात बसवण्यास योग्य असल्याचे कोणते प्रमाणपत्र सोबत येणार: अमेरिकेतील ८१३०-३, युरोपातील ईएएसए फॉर्म १ की भारतातील सीए फॉर्म १. आपल्या विमानासाठी कोणते चालेल हे पैसे देण्यापूर्वीच आपल्या एएमईकडून, म्हणजे परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याकडून, ठरवून घ्यावे. बारामती, धुळे यांसारख्या ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण चालते. तीच विमाने रोज वापरणाऱ्या संस्थेच्या देखभाल विभागाला ते बॅटरी कोठून मागवतात असे विचारले, तर बराच वेळ वाचतो.

बॅटरी हाती आल्यावर ती पुस्तिकेप्रमाणे चार्ज करावी. पूर्ण चार्ज झालेल्या २४ व्होल्टच्या सीलबंद बॅटरीचे व्होल्टेज काही तास स्थिर राहिल्यावर सुमारे २५.८ असावे. जुनी काढताना ऋण टोक आधी सोडवावे, नवी जोडताना ते शेवटी जोडावे. पेटी रिकामी असतानाच आम्लाचे डाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन घ्यावेत, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, आणि वायुवीजनाची नळी कोळ्याच्या जाळ्याने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजलेली नाही हे पाहावे. उभ्या विमानात ती हटकून बुजते. भारतात नोंदलेल्या विमानात हे काम एएमईने करून लॉगबुकात प्रमाणित करायचे असते. अमेरिकेत नोंदलेल्या खासगी विमानाचा मालक स्वतः परवानाधारक वैमानिक असेल, तर तेथील नियमांनुसार तो बॅटरी स्वतः बदलू शकतो, मात्र नोंद त्यालाही करावी लागते. बॅटरीचा प्रकार बदलला असेल तर वजन व समतोलाचा तक्ता नव्याने करून घ्यावा, आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवावी.