घटिकापात्र: शिबिरात बनवायचं पाण्याचं घड्याळ

मे महिन्यात गावोगाव टँकर फिरत असताना शिबिरात पिचकाऱ्या उडवणं बरं दिसत नाही. या खेळाला बादलीभर पाणी पुरतं, आणि नंतर तेच झाडांना घालता येतं. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात पाणी भरून त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. पाणी आत शिरत शिरत ती बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं झाली. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग या वाटीवरूनच आला. दिवसरात्रीच्या घटका 60.

मुलांना 24 मिनिटं धीर धरवत नाही, म्हणून पाव घटकेची, 6 मिनिटांची वाटी करायची. आठ वर्षांपुढच्या चार मुलांचा एक गट धरा. प्रत्येक गटाला 8 सेंटिमीटर तोंडाची हलकी जर्मनची (म्हणजे ॲल्युमिनियमची) वाटी, एक बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, पॉलिश पेपर आणि सुई लागेल. स्टीलच्या वाटीला भोक पाडताना खिळा घसरतो. प्लास्टिकची वाटी भरली तरी काठ वर ठेवून तरंगत राहते, तिच्यात खडे टाकावे लागतात.

भोक मोठ्यांनीच पाडायचं. वाटी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, तळाच्या मध्यावर चिकटपट्टी लावा आणि सर्वांत बारीक खिळा आतून ठोका. फक्त टोक पलीकडे निघेल इतकाच. बाहेर आलेली धार पॉलिश पेपरने घासा, नाहीतर बोट कापतं. घासलेला चुरा भोकात अडकतो, तो सुईने काढा.

आता वाटी अलगद पाण्यावर ठेवा. पुष्कळदा इथेच गाडी अडते: भोक दिसतंय, पण पाणी आत येत नाही. वाटी कोरडी असली की पाण्याचा पृष्ठताण त्या बारीक तोंडावर पडद्यासारखा धरून राहतो आणि एवढ्या हलक्या वाटीचा दाब त्याला फोडायला पुरत नाही. वाटी आधी आतून ओली करा, भोकावर पाण्याचा थेंब ठेवा. लगेच बारीक कारंजं उसळतं. मुलं इथे ओरडतातच.

तीन वेळा बुडवून वेळ लिहून घ्या. सुमारे 2 मिलिमीटरच्या भोकाने अशी वाटी साधारण 4 ते 7 मिनिटांत तळाला जाते. वेळ जास्त लागत असेल तर खिळा अगदी किंचित पुढे ठोका. व्यास दुप्पट झाला की भोकाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वेळ चौथाईवर येतो, म्हणून एका फटक्यात सगळं बिघडू शकतं. भोक मोठं झालंच, तर वाटी उपडी घालून भोकाच्या कडेवर हातोडीने हलके ठोका. जर्मन मऊ असतं, भोक आवळतं.

शेवटची वीस-तीस सेकंदं कमी करायची असतील तर भोकाला हात लावू नका. भोक न झाकता तळाशी एक नाणं ठेवा. वाटी थोडी खोल बसते, दाब वाढतो, पाणी जोरात येतं. नाणं कडेला सरकलं तर वाटी कलते आणि काठावरून पाणी घेऊन मधेच बुडते. नाणं टाकण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा, हे चुकवू नका. खरी मजा तिथेच आहे.

वेळा सारख्या येत नसतील तर आधी पाणी बघा. बादलीतला कचरा भोकात बसतो, म्हणून पाणी फडक्यातून गाळून घ्या. वाटीला तेलकटपणा असेल तर साबणाने धुऊन खळखळून विसळा. बादली झाडाखाली, वाऱ्यात ठेवू नका. आणि बादलीपाशी कायम एक मोठं माणूस हवं, विशेषतः लहान भावंडं घुटमळत असतील तर.

सगळ्यांच्या वाट्या सहा मिनिटांवर आल्या की स्पर्धा: ओळीने चार वेळा बुडवून बरोबर एक घटका मोजायची, घड्याळ फक्त ताईंकडे. बहुतेक गट मागे पडतात, कारण वाटी उचलून रिकामी करण्यात दर वेळी काही सेकंदं जातात. एखादा हुशार गट शेजाऱ्यांची वाटी उसनी मागतो आणि एक बुडाली की त्याच क्षणी दुसरी सोडतो. मागू द्या.